दहावीतले मूल आणि आपला तगादा



ऊस विकास विभागाचा माणूस बेणे, लागण, खोडवा, हुमणी यांवर लिहितो, हे आपण जाणताच. या वेळी विषय वेगळा आहे. शिवारफेरीत उसाचे बोलणे संपले की सभासद हमखास दुसरे गाऱ्हाणे काढतात. "साहेब, उसाचं तुम्ही सांगता तसं करतो, पण पोरगं अभ्यासाला बसत नाही. त्याला कुठलं औषध मारू?" मी शिक्षक नाही, कृषी पदविका घेतलेला माणूस आहे. पण हे दुखणे माझ्याही घरात येऊन गेले. त्यातून जे शिकलो ते मांडतो.

माझा मुलगा दहावीत होता. गळीत हंगाम ऐन भरात. सकाळी सहाला मी बाहेर पडे, परत यायला रात्रीचे नऊ वाजत. घरात पाऊल टाकताच माझे दोन प्रश्न ठरलेले, "अभ्यास केलास का?" आणि "किती पडले?" लहानपणापासून तो वर्गात पुढे, म्हणून चारचौघांत "आमचा हुशार आहे" असे मी मिरवायचो. सराव परीक्षा झाली. गणिताचा पेपर अजून मिळाला नाही, असे तो पंधरा दिवस सांगत राहिला. एके दिवशी गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागे तो पेपर त्याच्या आईला सापडला. ८० पैकी २१. मी हात उगारला. पोरगं मागे सरकलं नाही. म्हणालं, "पप्पा, किती पडले एवढंच तुम्ही विचारता. काय येत नाही, ते कधी विचारलं?"

हात खाली आला. पण पुढे आठ-दहा दिवस "जेवलास का" यापलीकडे आमचे बोलणे नव्हते. दिवसभर गावोगावचे सभासद माझ्याशी बोलत होते आणि घरातला एक बोलत नव्हता. शेवटी मीच त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. सांग, काय येत नाही?" बापाने असे म्हटल्याने बापाची किंमत कमी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

बंधूंनो, गुण कमी पडले तर पुरवणी परीक्षा देता येते. मूल बोलायचे थांबले तर त्याचे काय चालले आहे हे कळायची वाटच बंद होते. म्हणून आधी बोलणे जपावे. अभ्यासाची गाडी त्याच वाटेने येते. आता कामाच्या गोष्टी.

१) हुशारीचे नव्हे, कष्टाचे कौतुक करावे. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटले, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटले. पुढे अवघड कोडी आली, तेव्हा हुशार म्हटलेली मुले लवकर खचली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवताना त्यांच्यातल्याच जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. हे वाचले तेव्हा मला पेंडीच्या पोत्यामागचा पेपर आठवला. हुशारीचा शिक्का पुसला जाईल या भीतीने मूल लपवाछपवी करते. "आज तू तीन उदाहरणं चुकलास तरी चौथं सोडलं नाहीस," असे म्हटले तर त्याला पुढे काय करायचे ते समजते.

२) डोस हप्त्यांत द्यावा. उसाला नत्र आपण एकदम टाकत नाही. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के देतो. सगळे एकदम टाकले तर बरेचसे वाया जाते. फेब्रुवारीत रात्र रात्र जागून केलेल्या अभ्यासाचे तसेच होते. रोज दीड-दोन तास, दोन बैठकांत, ठरल्या वेळी, एवढ्यावर सुरुवात करावी. वेळ कोणती ते मुलाला ठरवू द्यावे. स्वतः ठरवलेली वेळ ते जास्त पाळते.

३) वाचून झाले की पुस्तक मिटून सांगायला लावावे. रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली दाखवले, की धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात तो आठवड्यानंतर जास्त राहतो. आमच्याकडे हे आपोआप घडले. मला भूमिती आठवत नव्हती, म्हणून प्रमेय तो मला समजावू लागला. जिथे अडला तिथे त्यालाच कळले, काय कच्चे आहे ते. तेवढेच दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारायचे. तेव्हा आपण शिकलेले नाही, अशी सबब कोणी सांगू नये. ऐकायला पदवी लागत नाही.

४) झोप मोडू नये. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्रपाळीची वीज आली की मोटर चालू करायला पोराला उठवायचे आणि सकाळी शाळेत डुलक्या घेतो म्हणून रागवायचे, हा न्याय नव्हे. मुलीच्या बाबतीतही पाहावे. धुणीभांडी, झाडलोट, धारा सगळे तिच्याकडे आणि अभ्यास उरल्या वेळात, असे असेल तर गुण कोठून येणार?

५) मोबाईल दोघांनी ठेवावा. तोडणीच्या चौकशीचे फोन मला रात्री दहापर्यंत येत. तरी साडेआठ ते नऊ माझा व त्याचा असे दोन्ही मोबाईल फडताळात ठेवायचे ठरले. त्या अर्ध्या तासापायी कोणाचा ऊस वाळला नाही. मात्र त्यासाठी मला घरी लवकर यावे लागले.

६) शेतीची धमकी देऊ नये. "अभ्यास नाही केलास तर खुरपं हातात देईन," असे आपण सहज बोलतो. म्हणजे ज्या धंद्यावर घर चालते, त्यालाच आपण शिक्षा ठरवतो. मूल अभ्यासाला लागत नाही ते नाहीच, वर बापाच्या कामाला कमी लेखायला शिकते. शेजारच्या मुलाशी तुलनाही टाळावी. आडसाली आणि सुरू उसाचे वजन एकाच महिन्यात कोणी ताडत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. मूल जेवण सोडते, झोपत नाही, एकटे बसते, जगणे नको अशी भाषा करते, तर रागावणे बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवावे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो.

आता आमचे पुढे काय झाले, ते सांगतो. बोर्डाच्या लेखी परीक्षेत गणिताला ८० पैकी ४७ पडले. पेढे वाटण्याजोगे ते नव्हते, पण निकाल लागताच त्याने पहिला फोन मला केला. शास्त्र शाखेला न जाता तंत्रनिकेतनात जायचे म्हणाला. माझ्या मनात दुसरे होते, ते मी सोडले.

या आठवड्यात एका संध्याकाळी "किती पडले?" हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि "आज काय अडलं?" असे विचारून पाहावे. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. उसालाही उगवून यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर आपण सर्वजण धरतोच.

आपला,
ऊस विकास अधिकारी