जुन्या मोटारीच्या आसावर सपाट साटीची बैलगाडी

शेतीच्या वाहतुकीस लागणारी गाडी सोयीची असली म्हणजे शेतकऱ्याचा वेळ वाचतो व बैलांचे श्रम कमी होतात. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसात चाक गिळते, तर जिंतूर आणि गंगाखेड तालुक्यांच्या डोंगराळ भागांत वाटेवर चढउतार लागतात. शेणखत, कापसाची बोंदरी, सोयाबीनची पोती, कडबा, पाण्याचे पिंप व सिंचनाचे नळ असा नाना प्रकारचा माल न्यावयाचा असल्यास बाजूंना अडथळा नसलेली सपाट साटीची गाडी उपयोगी पडते. निकामी झालेल्या मोटारीचा आस, तुंबे व चाके वापरून अशी गाडी गावच्या सुताराकडून व लोहाराकडून बांधून घेता येते. परंतु रबरी चाकांचा लाभ घेताना तोल आणि ब्रेक यांकडे दुर्लक्ष झाल्यास हीच गाडी बैलांना व माणसांना घातक ठरते.

मोटार मोडण्यापूर्वी

जुन्या जीपचे किंवा प्रवासी मोटारीचे टप कापून तिच्या चालत्या सांगाड्यावर फळ्या बसवाव्यात, असा विचार पुष्कळांच्या मनात येतो. तो कृतीत आणू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. जुने इंजिन व सुटे भाग जोडून तयार केलेले ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच होय आणि त्यास नोंदणी, विमा वगैरे सर्व नियम लागू होतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला आहे. कायमची निकामी झालेली मोटार मोडावयाची असल्यास कलम 55 प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून नोंदणीपत्र परत करावे. सुटा आस विकत घेणाऱ्याने रीतसर पावती घ्यावी.

आसाची निवड

मागचा शक्तिवाहक आस सहसा घेऊ नये. त्याच्या मध्यभागी दंतचक्रांची जड पेटी असते. तिचे ओझे बैलांना विनाकारण ओढावे लागते व ती चिखलात टेकते. लहान मालमोटारीचा पुढचा घन आस अधिक योग्य. मात्र त्याची चाके वळण्यासाठी दोन्ही टोकांना खिळीचे सांधे असतात. ते सांधे जाड पोलादी पट्ट्या व बोल्ट यांनी दोन्ही बाजूंस पक्के जखडावेत. एखाद्या टाक्याच्या वेल्डिंगवर विसंबू नये. आसाच्या मधल्या भागावर वेल्डिंग तर मुळीच करू नये, कारण अशा घडीव पोलादास तापवून थंड केल्यास तेथे तडा जाण्याचा संभव असतो. साटीची चौकट यू आकाराच्या बोल्टांनी आसावर आवळावी.

तुंब्यातील बेअरिंग रॉकेलने धुऊन पाहावे. खळगे पडलेले वा निळसर पडलेले बेअरिंग बदलावे व नवे ग्रीस भरावे. नट आवळून किंचित सैल करावा व कॉटर पिन घालावी. चाक मोकळे फिरावे, पण हाताने हलविल्यास डुगडुगू नये. टायरच्या बाजूवरील भारांक वाचावा. 88 हा अंक म्हणजे एका टायरवर 560 किलो व 100 म्हणजे 800 किलो ही कमाल मर्यादा होय. शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुन्या, भेगा पडलेल्या टायरवर पूर्ण भार घालू नये.

तोल कसा साधावा

दोनचाकी गाडीत मालाचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा. समजा, गाडी व माल मिळून 900 किलो वजन आहे आणि आसापासून जू 3 मीटरवर आहे. मध्य आसाच्या 10 सेंटिमीटर पुढे असल्यास जुवावर 30 किलो भार येतो. तोच 40 सेंटिमीटर पुढे सरकल्यास 120 किलो भार मानांवर पडतो व खांदे सुजतात. मध्य मागे गेला तर जू वर उचलले जाऊन बैलांचे गळे आवळतात. म्हणून आस कायमचा आवळण्यापूर्वी नेहमीचा माल भरून पाहावा, जू हाताने उचलून भार अजमावावा व त्याप्रमाणे साटी पुढेमागे सरकवावी. उंच रचलेल्या मालाचा मध्य उतारावर आणखी पुढे झुकतो; तेव्हा कडबा व कापूस बेताच्याच उंचीचा भरावा.

ब्रेकची आवश्यकता

रबरी चाकाची गाडी पक्क्या सडकेवर हलकी चालते. रोध शेकडा 3 धरल्यास वरील 900 किलोंसाठी 27 किलो ओढ पुरते. बैल आपल्या वजनाच्या सुमारे दशांश इतकी ओढ दीर्घकाळ देऊ शकतो. म्हणजे मिळून 800 किलो वजनाच्या जोडीस 80 किलो. यावरून शेतकऱ्यास आणखी माल भरण्याचा मोह होतो. परंतु दहास एक अशा चढावर तीच ओढ 117 किलो होते, आणि तेवढ्याच उतारावर गाडी बैलांना सुमारे 63 किलो जोराने पुढे ढकलते. हा जोर थोपविण्यास ब्रेक नसला तर बैल घसरतात, पाय मोडतात आणि गाडी उलटते. कालव्याच्या पुलाचा आखूड उतारदेखील यास पुरेसा आहे.

मोटारीचा तेलाचा ब्रेक मुख्य सिलिंडरवाचून चालत नाही. म्हणून तुंब्यावरील ड्रम व आतील लाकटा कायम ठेवून त्या तारेने किंवा दांडीने दाबल्या जातील अशी रचना कारखान्यातून करून घ्यावी व तिचा दांडा गाडीवानाच्या हाताशी आणावा. दोन्ही चाकांवर ब्रेक सारखा लागतो की नाही हे रिकाम्या गाडीवर पाहून मगच माल भरावा.

वापरातील नियम

1. ओझे व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या 1965 च्या नियमांनुसार बैलांकडून दिवसात नऊ तासांहून अधिक व विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक ओढकाम घेऊ नये. तापमान 37 अंशांहून अधिक असेल तेथे दुपारी 12 ते 3 गाडी जुंपू नये. परभणीच्या उन्हाळ्यात हा नियम फार महत्त्वाचा आहे.
2. दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवावी. कमी हवेच्या बाजूस गाडी ओढते व एकाच बैलावर ताण येतो.
3. मागे तांबडे व पुढे पांढरे परावर्तक लावावेत. सडकेवर रात्री न दिसणारी गाडी अपघातास कारण होते.
4. उभ्या गाडीच्या चाकांस दगड लावावा व पुढे टेकू द्यावा. मुलांना साटीखाली बसू देऊ नये.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापराविषयी संशोधन झालेले आहे. गाडी व अवजारांसंबंधी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवी गाडी प्रथम सपाट जागी, नंतर अर्ध्या मालाने उतारावर चालवून दाखवावी. ब्रेक लागला, जू समतोल राहिले व बैलांच्या खांद्यांवर वळ उठले नाहीत, म्हणजेच गाडी कामास योग्य झाली असे समजावे.