बीट म्हणजे काय?

मित्रमैत्रिणींनो, ‘बीट’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? माझ्या आजीला बाजारातले लाल कंद आठवतात. पण ह्याच शब्दापायी गेल्या वर्षी आमच्या घरी मोठा घोर लागला होता. ते आधी सांगते.

मोहफुलांचे दिवस होते. संध्याकाळी वनरक्षक गावात येऊन सांगून गेले, “शेजारच्या बीटात वाघीण पिल्लांसोबत फिरून राहिली आहे. दोन-तीन दिवस कोणी जाऊ नका.” त्यांनी बीटाचे नावही सांगितले. ते पलीकडच्या गावाचे नाव होते. आजी म्हणाली, “ते गाव तं दूर आहे. आपले मोह इकडेच आहेत नं!” आई पहाटेच टोपली घेऊन गेली.

मग शेजारचे काका बाबांना म्हणाले, “अरे, नाव त्या गावाचं आहे, पण बोडीपासून नाल्यापर्यंतचं सारं जंगल त्याच बीटात येते!” बाबा चार माणसे घेऊन ओरडत धावले आणि आईला परत घेऊन आले. नाल्याच्या रेतीत वाघिणीची ताजी पावले उमटली होती.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, “गुरुजी, बीट म्हणजे काय?” गुरुजींनी शाळेतला शब्दकोश काढून दिला. त्यातून व गुरुजींकडून मला जे समजले ते असे :

१) मूळ अर्थ – बीट हा फार जुना इंग्रजी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ मारणे, ठोकणे.

२) ठोका – हृदयाचा ठोका म्हणजे बीट. ढोलाच्या तालालाही बीट म्हणतात. आपल्या मराठीतही तसेच आहे. ‘ठोकणे’ यावरूनच ‘ठोका’ आला. काळजाचा ठोका, घड्याळाचा ठोका.

३) हाका – झुडपे बडवून, डबे वाजवून जनावर बाहेर काढणे म्हणजेही बीट. इंग्रजांच्या राज्यात साहेब लोक शिकारीला येत, तेव्हा गावकऱ्यांना हाक्यासाठी नेत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता अशी शिकार हा गुन्हा आहे.

४) गस्तीची वाट – पहारेकरी रोज त्याच वाटेने फिरतो. पावले जमिनीवर पडून पडून वाट मळते. म्हणून त्या वाटेला बीट म्हणू लागले. हा अर्थ इंग्रजीत १७३१ च्या सुमारास दिसतो. तो पावलांवरून आला की हाक्यावरून, यावर जाणकारांची दोन मते आहेत. पुढे ज्या भागात गस्त घालायची, तो भागच बीट झाला.

५) जंगलातले बीट – वनपरिक्षेत्र म्हणजे रेंज. रेंजचे राऊंड पाडतात व राऊंडचे बीट. बीट हे वनरक्षकाच्या देखरेखीतले जंगल. सरकारी कागदात त्याला ‘नियतक्षेत्र’ म्हणतात. बीटाच्या आत कक्ष असतात, त्यांना क्रमांक असतात. दर चार वर्षांनी देशात वाघांची मोजणी होते. २०२२ सालीही झाली. तेव्हा वाघाच्या खुणा बीटाबीटातून शोधतात.

६) आपले बीट – पोलिसांचे बीट असते, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंचे असते आणि शाळांचेही असते. कबड्डीत आपण केंद्रावर जिंकलो की बीटस्तरावर खेळायला जातो, ते हेच! तिथे जंगल नाही नि वाघही नाही, पण शब्द तोच.

७) आजीचे बीट – हा वेगळाच शब्द आहे. तो लॅटिन भाषेतल्या ‘बेटा’ या शब्दावरून आला. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग निराळे. गस्तीच्या बीटमध्ये ‘ई’ नंतर ‘ए’ येतो, कंदाच्या बीटमध्ये दोन ‘ई’. उच्चार मात्र सारखाच. आणि मराठीत आपण उच्चाराप्रमाणे लिहितो, म्हणून दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. आजीचे काही चुकले नव्हते!

वनरक्षकांनी सांगितले ते बरोबरच होते. पण ते त्यांच्या कचेरीच्या भाषेत बोलले आणि आम्ही विचारले नाही. “कोनतं बीट? कुठून कुठपर्यंत?” एवढे दोन प्रश्न विचारले असते तर आई गेली नसती. कठीण शब्द ऐकला की आपण मान हलवतो, कारण विचारायची लाज वाटते. जंगलाजवळ राहणाऱ्याला ती लाज महागात पडू शकते.

म्हणून खाली मी आपल्या गावाभोवतालच्या जंगलाचा नकाशा काढला आहे. बीटांच्या हद्दी लाल खडूने दाखवल्या आहेत. शेजारी बोडी, नाला, मोहाची झाडे, गुरांची वाट अशा आपल्या खुणा लिहिल्या आहेत. हद्दी वनरक्षककाकांना विचारून तपासून घेतल्या. पालकांना विनंती की त्यांनी जाताना तो एकदा पाहावा आणि आपले मोह, आपले तेंदू कोणत्या बीटात येतात ते ओळखून ठेवावे. माझ्या आजीनेही पाहिला आहे.

तुम्ही शोधा : रेंज, राऊंड, डेपो हे शब्दही आपण रोज ऐकतो. प्रत्येकाचे किती अर्थ सापडतात? वहीत लिहून आणा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी