अक्षरांतून शब्दाकडे : सांचीचे दान आणि इंग्रजीचा तास

‘दिलेली अक्षरे ज्यांत आली आहेत असे इंग्रजी शब्द शोधा’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकात बहुधा धड्याच्या शेवटी येतो. शिक्षक तो घाईने उरकतात आणि विद्यार्थी त्याला करमणूक समजतात. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने या प्रश्नाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहतो. आपल्या धम्माचा विस्मृतीत गेलेला इतिहास पुन्हा वाचता आला, त्यामागे नेमकी हीच युक्ती होती.

गोष्ट 1837 सालची आहे. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर लहान लहान लेख कोरलेले होते. लिपी ब्राह्मी होती आणि ती वाचू शकणारा कोणीही उरला नव्हता. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर या लेखांच्या नकला आल्या. काही अक्षरांचा अंदाज त्यापूर्वीच बांधला गेला होता, परंतु वाचन पुढे सरकत नव्हते. प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की लेख निरनिराळे असले तरी बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. पवित्र स्थळी इतक्या लोकांनी आपापल्या नावाने एकच शब्द का कोरावा? उत्तर सुचले : दान. म्हणजे शेवटची दोन अक्षरे ‘दानं’ असली पाहिजेत. ‘द’ आणि ‘न’ मिळाले; सोबत काना आणि अनुस्वारही मिळाले. त्या शब्दाच्या अगोदर वारंवार येणारे अक्षर ‘स’, म्हणजे ‘अमक्याचे’ दान, हेही उमगले. त्यानंतर कुलूप उघडावे तशी लिपी उघडली आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले.

हे दान कोणाचे? केवळ राजांचे नव्हे. त्यात भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, व्यापारी आणि साधे गृहस्थही आहेत. आपणांस विशेष अभिमान वाटावा अशी बाब म्हणजे, सांचीच्या या दानलेखांत ‘भोगवढन’ हे गावाचे नाव आढळते. भोगवढन म्हणजे भोगवर्धन, म्हणजेच आपल्या तालुक्याचे भोकरदन, असे अभ्यासक मानतात. हसनाबादच्या शाळेत आज बसणारी मुले ज्या मातीतली आहेत, त्याच मातीतल्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांचीला दान दिले आणि आपल्या गावाचे नाव दगडावर ठेवले.

आता वर्गाकडे वळू. मराठी माध्यमातील मुलाला अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे प्रारंभी जड जाते. याचे कारण बुद्धीत नसून लिपीत आहे. आपल्या लिपीत मात्रा अक्षराला चिकटून राहते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचताना आपण ‘मा’ हे अक्षर कान्यासकट उचलतो. काना एकटा हिंडत नाही. इंग्रजीत मात्र ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरे स्वतंत्र चालतात आणि कोणाच्याही शेजारी जाऊन बसतात. शिवाय आपण जसे बोलतो बहुतांशी तसेच लिहितो. त्यामुळे मूल इंग्रजी शब्दही कानाने शोधू लागते आणि फसते. या प्रश्नात शब्द डोळ्याने शोधावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. सी, ए, एस, टी, ई ही पाच अक्षरे फळ्यावर लिहावीत आणि सांगावे : ही पाचही शब्दात आलीच पाहिजेत, क्रम कोणताही चालेल, आणखी अक्षरे आली तरी हरकत नाही. पहिला शब्द तयारच आहे : ‘कास्ट’, अर्थात जात. (हा शब्द मुळात इंग्रजीही नव्हे, पोर्तुगीजांच्या ‘कास्टा’वरून तो आला. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकात तोच आहे.) पुढे काय? केवळ आठवत बसू नये. कोणती अक्षरे एकमेकांची सोबत धरतात ते पाहावे. इंग्रजीत एस आणि टी यांची जोडी अतिशय सलगीची आहे. ती जोडी धरून चालले की ‘कासल’ सापडतो, म्हणजे किल्ला, ‘कॉन्स्टेबल’ सापडतो, ‘ॲन्सेस्टर’ सापडतो, म्हणजे पूर्वज. मग जोडी फोडून पाहावी. एस शेवटी नेला की अनेकवचन होते आणि ‘टीचर्स’ हाती लागतो. एकटा ‘टीचर’ मात्र बाद, कारण त्यात एस नाही.

येथे थांबून एक गोष्ट दाखवावी. ‘कास्ट’मधील सी ‘क’ उच्चारला जातो, ‘ॲन्सेस्टर’मध्ये पुढे ई आल्याने ‘स’, तर ‘टीचर्स’मध्ये एचच्या सोबतीने ‘च’. ‘कासल’मधील टी तर ऐकूच येत नाही. स्पेलिंगचे नियम घोकून जे पक्के होत नाही, ते या पाच अक्षरांच्या शोधात एका तासात पक्के होते. मात्र शब्द सापडला की त्याचा अर्थ कोशात पाहून एक वाक्य लिहिलेच पाहिजे. अर्थाविना गोळा केलेल्या शब्दांची यादी आम्हाला निरुपयोगी वाटते.

पालक आम्हाला वारंवार विचारतात, ‘गुरुजी, आम्हालाच इंग्रजी येत नाही, तर सुट्टीत घरी आलेल्या मुलांचा अभ्यास आम्ही कसा घ्यावा?’ महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आले. त्यापूर्वीच्या पिढीने एबीसीडी पाचवीत गिरवली. परंतु या अभ्यासासाठी तेवढी एबीसीडी पुरेशी आहे. शब्दाचा अर्थ ठाऊक नसला तरी दिलेली अक्षरे त्यात आहेत की नाहीत, हे बापाला बोट ठेवून तपासता येते. शब्द खरा आहे की मुलाने रचला, ते कोश सांगतो. घरात इंग्रजी बोलले जाते की नाही, यावर येथे काहीही अवलंबून नाही. मोठमोठ्या शुल्काच्या शिकवण्यांपेक्षा एक चांगला शब्दकोश घरात असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रारंभ प्रिन्सेप यांच्याच दोन अक्षरांनी करावा : डी आणि एन. हँड, लँड, माइंड, फ्रेंड, गार्डन, संडे असे शब्द मुले भराभर सांगतील. ‘डोनर’ आला, तर तो आणि आपले ‘दान’ एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत, हे आवर्जून सांगावे. आणि कोणी भोकरदन व हसनाबाद ही नावे रोमन लिपीत लिहून त्यांतही डी आणि एन असल्याचे दाखवले, तर त्याला शाबासकी द्यावी. गुण मात्र देऊ नयेत, कारण विशेषनामे या प्रश्नात चालत नाहीत.