एक ‘प्रथम’, तीन प्रयोग

मराठींतील ‘प्रथम’ या शब्दानें क्रमही सांगतां येतो आणि महत्त्वही. इंग्रजींत मात्र त्यासाठीं निरनिराळे प्रयोग आहेत, आणि तेथेंच आमचे विद्यार्थी घोटाळतात.

‘ॲट फर्स्ट’ म्हणजे आरंभीं. परंतु पुढें स्थिति पालटली, असें त्यांत गर्भित असतें. १९४५ सालीं अमळनेरास निघालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी ‘ॲट फर्स्ट’ वनस्पति तूप करी. पुढें विप्रो या नांवानें ती संगणकाच्या धंद्यांत शिरली. येथें हा प्रयोग चोख बसतो. निबंधांत मुद्दे मांडतांना मात्र तो चालत नाहीं. तेथें ‘फर्स्ट ऑफ ऑल’ लिहावें, आणि मागून दुसरा मुद्दा अवश्य यावा! (तो पुष्कळदां येतच नाहीं.)

आतां साने गुरुजींविषयीं लिहावयाचें आहे असें समजूं. १९२४ सालीं ते येथील शाळेंत शिक्षक झाले व १९३० सालीं नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले. ‘ॲट फर्स्ट ते शिक्षक होते’ हें नोकरीपुरतें खरें. पण १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या पुरुषाचें शिक्षकपण सुटलें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. म्हणून त्यांच्याविषयीं ‘फर्स्ट अँड फोरमोस्ट’ शिक्षक असेंच लिहावें.