गोठ्याचं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे

प्रश्न : आमचा बारा म्हशींचा मुक्तसंचार गोठा आहे. पावसाळ्यात शेणपाणी वाहत शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातं. मोठी टाकी बांधावी का?

उत्तर : टाकीचा खर्च तूर्त थांबवा. आधी स्वच्छ पाणी गोठ्यात शिरणं बंद करा. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर 50 मिमी पाऊस झाला की सुमारे 4,600 लिटर पाणी उतरतं. ते शेणात पडलं की तेवढं सगळं घाण. पत्र्याला पन्हळ लावा आणि ते पाणी पाइपने परस्पर बाहेर काढा. वरच्या अंगाच्या रानाचं पाणी गोठ्याआधीच चर खणून वळवा.

शेण रोज खोऱ्याने ओढा, मगच पाण्याचा पाइप हातात घ्या. (बहुतेक ठिकाणी उलटं चालतं, कारण पाइप सोपा.) उकिरडा विहिरीच्या बाजूला उतारावर असेल तर हलवाच. त्याचा काळा निचरा गोठ्याच्या अंगणातल्या पाण्याहून वाईट. उरलेलं पाणी लहान हौदात निवळू द्या आणि वरचं नेपियर गवताच्या पट्ट्यात पसरून सोडा. एकाच तोंडाने सोडलंत तर ओघळ पडून ते सरळ निघून जाईल, गवत नुसतं बघत राहील. हा पट्टा विहिरीपासून लांब हवा.

विहिरीचं पाणी तपासून घ्या, पैसे तुम्ही द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळूनही जात नाही. जास्त निघालं तर तान्ह्या बाळासाठी ते पाणी अजिबात वापरू नये, हे शेजाऱ्यांना आजच सांगा.