रिकामी नसलेली रिक्तिका

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘रिक्तिका’ हा शब्द आपण सगळ्यांनीच वाचलाय. रिक्त म्हणजे रिकामे. लॅटिनमधला मूळ शब्दही रिकामेपणाचाच. सूक्ष्मदर्शकातून पेशीत मोकळी जागा दिसली आणि हे नाव पडले. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, इथे नावाने वस्तूवर अन्याय केलाय.

आमच्या किलवणीकडे ताडी सगळ्यांच्या ओळखीची. पहाटे उतरवलेली गोड, ऊन चढले की फसफसणारी. हे काम यीस्टचे. त्याची पेशी जेमतेम ५ मायक्रोमीटरची. अशा दोनशे ओळीत मांडल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. (नशा रिक्तिकेत तयार होत नाही, ती बाहेरच्या पेशीद्रवात. तो आरोप तिच्यावर नको.)

मग रिक्तिका करते काय? तिच्या पटलात एक पंप असतो. तो एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून प्रोटॉन आत ढकलतो, म्हणून आतले पाणी आंबट. आत दाटलेल्या प्रोटॉनना बाहेर पडायचे असते. पटलातली प्रथिने त्यांना बाहेर सोडतात, पण त्या बदल्यात आर्जिनिन, लायसिन किंवा कॅल्शियम आत घेतात. म्हणजे चक्क देवाणघेवाण! फॉस्फेटही लांब साखळ्या करून इथेच साठते. बाहेर नायट्रोजनची टंचाई आली की साठवलेले आर्जिनिन बाहेर काढले जाते. वारली घरातल्या कणगीत भात असतो ना, तसेच. मला विचाराल तर ‘कणगी’ हेच नाव शोभले असते.

अमिनो आम्लांची ही वाहतूक टोकियोत योशिनोरी ओसुमी यांनी १९८१ साली दाखवली. तेव्हा रिक्तिकेला पेशीची कचराकुंडी समजत. पुढे उपाशी यीस्ट स्वतःचेच जुने भाग रिक्तिकेत नेऊन कसे पचवते, हे त्यांनी शोधले आणि २०१६ चे नोबेल मिळवले.

मला सर्वात आवडला तो भाग वाढीचा. यीस्टला कळी फुटते, तीच लेक. केंद्रक विभागण्याआधीच आईच्या रिक्तिकेचा एक तुकडा कळीकडे निघतो. ॲक्टिनच्या दोरीवरून मायोसिन हे प्रथिन त्याला ओढत नेते. दोघांना जोडणारा दुवा लेकीकडे पोचल्यावर मोडला जातो, म्हणून ओझे तिथेच उतरते. ही आईची शिदोरी. ती मिळाली नाही तर लेक नवी रिक्तिका घडवते, पण तोवर तिची पुढची वाढ अडून राहते.

आणि आईचे? सिएटलमध्ये ह्यूज आणि गॉट्शलिंग यांनी २०१२ साली दाखवले, की आईच्या रिक्तिकेतला आंबटपणा वयाबरोबर लवकरच कमी होतो, लेकीच्या रिक्तिकेत मात्र तो पुन्हा पूर्ण येतो. आईची साठवण बिघडते, मागोमाग तिची ऊर्जा तयार करणारी तंतुकणिकाही. साधारण वीस-पंचवीस लेकी झाल्या की ती थांबते. त्यांनी पंपाचे काम वाढवले, तेव्हा त्याच आयांना आणखी लेकी झाल्या.