पलटण सुटली, घर सापडेना

प्रश्न : माझे पती सैन्यातल्या 24 वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले. पहाटे चारला उठून बूट पॉलिश करतात, मुलांवर खेकसतात, माझ्याशी मात्र धड बोलत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं घर इतकी वर्षं त्यांच्याविना नीट चाललं, अडचण बरीचशी तिथेच आहे. फी कधी भरायची, सिलिंडर कधी सांगायचा, सगळं तुम्हाला पाठ. पलटणीत ज्यांच्या शब्दावर जवान हलत, त्यांना घरात कामच उरलेलं नाही. एखादं खातं पूर्ण त्यांच्याकडे सोपवा आणि मग त्यात डोकावू नका. (जड जातं, ठाऊक आहे.)

मनातलं ते आधी दुसऱ्या फौजीशीच बोलतील. तुमच्याच जिल्ह्यात मिलिटरी अपशिंग्यासारखी घरटी सैनिक असलेली गावं आहेत. ‘मन मोकळं करायला जा’ म्हटलं तर ते जाणार नाहीत. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं निमित्त काढून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा माजी सैनिकांच्या बैठकीला धाडा. तुम्हीही फौजींच्या बायकांना गाठा.

झोप उडाली, दारू वाढली किंवा जगणं नको असं बोलले, तर मात्र वाट पाहू नका. माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमध्ये न्या, किंवा 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.